झुडपाचे नाव बदलते तेव्हा: उपजातीचे वर्गीकरण आणि नामांतर कसे समजून घ्यावे

हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, कारवीची शीट पहिल्यांदा हातात आली, तेव्हा माझे लक्ष झाडापेक्षा चिठ्ठ्यांकडेच गेले. जाड पांढऱ्या कागदावर दोऱ्याने टाचलेली फांदी, निळा-जांभळा रंग उडून तपकिरी पडलेली फुले आणि उजवीकडच्या कोपऱ्यात एकाच झाडाची तीन नावे. मूळ लेबलवर शाईने लिहिलेले ‘स्ट्रोबिलँथस कॅलोसस’. त्याच्या वरच्या चिठ्ठीवर ‘कार्व्हिया कॅलोसा’. सर्वांत ताज्या चिठ्ठीवर टंकलेले ‘स्ट्रोबिलँथस कॅलोसा’. यातले बरोबर कोणते, असे मी तिथल्या ज्येष्ठ अभ्यासकांना विचारले. ते म्हणाले, “आधी तिन्ही का लिहिली ते शोध. मग बरोबर कोणते ते तुझे तुलाच कळेल.”

त्या शीटमागे लागून जे शिकलो ते इथे पायरीपायरीने मांडतो आहे. वनस्पती ओळखायला नव्याने लागलेल्यांची एक तक्रार नेहमी कानावर येते: कशीबशी नावे पाठ करावीत, तर हे लोक ती बदलून टाकतात. तक्रार खरी आहे. पण नाव कुणाच्या लहरीवर बदलत नाही. प्रत्येक बदल कुठेतरी छापलेला असतो, त्याला तारीख असते, आणि तो का केला ते कुणालाही शोधून काढता येते.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. वर्तमानपत्रांत ‘स्पीशीज’ला सर्रास प्रजाती म्हणतात. मराठी विश्वकोशात मात्र स्पीशीज म्हणजे जाती, आणि प्रजाती हा शब्द ‘जीनस’साठी येतो. दोन ठिकाणचे मजकूर शेजारी ठेवून वाचणारा नवखा माणूस इथेच अडखळतो. मी जीनसला वंश, स्पीशीजला जाती, सबस्पीशीजला उपजाती आणि व्हरायटीला प्रकार म्हणणार आहे. उतरंडही हीच: वंश, जाती, उपजाती, प्रकार.

पायरी १: नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा

उदाहरण नीलगिरीचे घेऊ. उटीच्या परिसरात, शोला जंगलाच्या कडेला आणि उघड्या गवताळ उतारांवर, लालभडक फुलांचे गुच्छ लागलेले एक वेडेवाकडे झाड दिसते. वाऱ्याच्या माऱ्यात ते बऱ्याचदा झुडपाएवढेच राहते. हिमालयात ज्याला बुरांश म्हणतात त्याचे हे दक्षिणेतले भावंड. भारताच्या द्वीपकल्पात रानात उगवणारा ऱ्होडोडेंड्रॉन हा एवढाच. त्याचे पूर्ण नाव असे लिहितात:

ऱ्होडोडेंड्रॉन आर्बोरियम सबस्पीशीज नीलगिरिकम (झेंकर) टॅग

पहिला शब्द वंशाचा, दुसरा जातीचा, ‘सबस्पीशीज’ हा दर्जा सांगणारा शब्द आणि त्यापुढे उपजातीचे नाव. दर्जाचा शब्द वनस्पतींच्या नावात गाळता येत नाही. प्राण्यांच्या नावात नुसते तीन शब्द ओळीने लिहितात, म्हणून पक्षिनिरीक्षणाकडून वनस्पतींकडे वळलेले लोक ही चूक हमखास करतात. झाडांत तिसरा शब्द उपजातीचा, प्रकाराचा किंवा त्याहून खालच्या दर्जाचाही असू शकतो, त्यामुळे दर्जा लिहिला नाही तर नाव अर्धवट राहते.

खरी गंमत पुढच्या दोन आडनावांत आहे. कंसातला झेंकर म्हणजे ‘नीलगिरिकम’ हे विशेषण पहिल्यांदा छापणारा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ. कंसाबाहेरचा टॅग म्हणजे ते आजच्या जागी, आजच्या दर्जावर आणून बसवणारा. कंस दिसला की समजावे, हे नाव एकदा तरी जागेवरून हलले आहे. कंस नसेल तर ते जिथे जन्मले तिथेच आहे. नवख्या माणसाला कुठल्याही झाडाच्या नावाचा इतिहास उघडायला एवढी एक खूण पुरते, आणि तरीही बहुतेक लोक नाव उतरवून घेताना नेमकी हीच आडनावे सोडून देतात.

पायरी २: दोन प्रश्न एकमेकांत मिसळू नका

पहिला प्रश्न: हे झाड कोणत्या गटात बसते? दुसरा: त्या गटाला काय म्हणायचे?

पहिल्याचे उत्तर अभ्यासकाच्या मतावर ठरते. पाने, फुले, फळे, परागकण, गुणसूत्रे, डीएनए, भूगोल हे सगळे पाहून तो आपले म्हणणे मांडतो. दुसरा अभ्यासक त्याच पुराव्यावरून वेगळे म्हणू शकतो आणि दोघेही प्रामाणिक असू शकतात. दुसऱ्या प्रश्नात मात्र मताला फारशी जागा नाही. तिथे नियमावली आहे: शैवाल, बुरशी आणि वनस्पतींच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता. जागतिक वनस्पतिशास्त्र परिषदेत मतदान होऊन ती सुधारली जाते. २०१७ साली शेन्झेनला आणि २०२४ साली माद्रिदला अशी सुधारणा झाली.

गट कोणता हे एकदा मान्य केले की नाव नियमाने निघते. म्हणून कुणी ‘नाव बदलले’ म्हणाले की माझा पहिला प्रश्न असतो: मत बदलले की नियम लागू झाला? मत बदलले असेल तर आपल्याला पटेपर्यंत जुने नाव वापरायला हरकत नाही. नियम लागू झाला असेल तर आपल्या पटण्या-न-पटण्याचा संबंध उरत नाही.

पायरी ३: उपजाती म्हणायला काय लागते ते झाडावर पाहा

संहितेत उपजातीची व्याख्या नाही. तिचे स्थान जातीच्या खाली आणि प्रकाराच्या वर, एवढेच तिथे सांगितले आहे. व्यवहारात मात्र एक समजूत चालत आली आहे: एकाच जातीचे दोन समूह वेगवेगळ्या प्रदेशांत वाढतात, त्यांच्यात थोडा पण कायम दिसणारा फरक असतो, आणि जिथे ते एकत्र येतात तिथे मधली रूपे सापडतात. फरक ठसठशीत असेल आणि मधले काही सापडतच नसेल तर लोक स्वतंत्र जाती म्हणतात. फरक विखुरलेला असेल, एकाच टेकडीवर दोन्ही रूपे दिसत असतील, तर प्रकार म्हणतात किंवा काहीच म्हणत नाहीत.

नीलगिरीच्या झाडाला हे लावून पाहा. फूल घंटेच्या आकाराचे, लाल, गुच्छात लागलेले, आत दहा पुंकेसर. हिमालयातलेही असेच. नुसत्या फुलाच्या फोटोवरून फारसे काही ठरत नाही. पान उलटे करा. हिमालयातल्या आर्बोरियमच्या पानाखालची लव चंदेरी आणि चोपून बसवल्यासारखी असते. नीलगिरीच्या पानाखाली ती जाड आणि तपकिरी छटेची असते, आणि पानाचा वरचा पृष्ठभाग शिरांच्या जाळीने सुरकुतल्यासारखा दिसतो. या वंशाचे अभ्यासक पान उलटे केल्याशिवाय बोलत नाहीत ते यामुळेच. तुम्हीही रानात गेलात तर फुलाचे दहा फोटो काढण्यापेक्षा फुलाचे दोन आणि पानाखालचे तीन काढा. भिंगातून लवीचा जवळून एक फोटो मिळाला तर फारच छान.

मग भूगोल. गढवाल आणि नीलगिरी यांच्यात सुमारे दोन हजार किलोमीटरचे अंतर आहे, आणि मधल्या उष्ण पठारावर या झाडाचा मागमूस नाही. पूर्वीच्या थंड काळात त्याचा पसारा सलग किंवा निदान जवळजवळ असावा आणि हवा तापल्यावर ते उंच डोंगरांवरच उरले असावे, असे मानले जाते. श्रीलंकेतल्या डोंगरांवरचे त्याचे रूप ‘झेलॅनिकम’ या उपजातीत घालतात.

इतके अंतर, मधे काही नाही, आणि लवीत कायमचा फरक. मग स्वतंत्र जातीच का नको? हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर तुम्ही योग्य वाटेवर आहात. झेंकरला तसेच वाटले होते.

आपल्याकडे उपजाती ओळखण्यात शेतकरी अभ्यासकांच्या कधीच पुढे गेलेले आहेत. रामकाठी बाभूळ बांधावर राखायची, कारण ती सरूसारखी सरळ, निमुळती वाढते आणि पिकावर सावली कमी पाडते. हे ज्ञान गावोगाव होते. वनस्पतिशास्त्राने तिला ‘क्युप्रेसिफॉर्मिस’, म्हणजे सरूच्या आकाराची, असे नाव दिले, आणि कुणी तिला प्रकार म्हटले तर कुणी उपजाती. फरक शेतकऱ्याला आधी दिसला होता, दर्जाचा वाद नंतर सुरू झाला.

पायरी ४: टाइप कुठला ते शोधा

प्रत्येक नाव शेवटी एका वाळवलेल्या नमुन्याला बांधलेले असते. त्याला टाइप म्हणतात. नाव म्हणजे दावे आणि टाइप म्हणजे खुंटा असे समजा. गट कसेही पाडा, सीमा कुठेही आखा. ज्या गटात तो नमुना पडेल त्या गटाकडे ते नाव जाते.

टाइप म्हणजे त्या जातीचा आदर्श नमुना, असा मोठा गैरसमज आहे. टाइप किडका असू शकतो, अर्धवट फुललेला असू शकतो, त्या जातीच्या अगदी टोकाच्या रूपाचाही असू शकतो. त्याचे काम फक्त नाव धरून ठेवण्याचे.

लेखकाने स्वतः एकच शीट नेमली असेल तर ती होलोटाइप. त्याच झाडाच्या त्याच वेळच्या तोडणीच्या जादा शीटा इतर हर्बेरियमांत गेल्या असतील तर त्या आयसोटाइप. जुन्या लेखकांनी कुठलीच शीट नेमलेली नसते. मग नंतरचा कुणीतरी त्यांच्या साहित्यातून एक निवडतो, ती लेक्टोटाइप. मूळ साहित्यच हाती उरले नसेल तर नवा नमुना नेमतात, तो निओटाइप. बर्लिनचे हर्बेरियम मार्च १९४३ मध्ये बॉम्बहल्ल्यात जळाले तेव्हा कितीतरी नावांचे टाइप एका रात्रीत गेले. इतर शहरांत गेलेल्या जादा शीटांवर त्यातल्या बऱ्याच नावांचे काम आजही चालते. १ जानेवारी १९५८ पासून टाइप नेमल्याशिवाय नवी जाती किंवा उपजाती मान्यच होत नाही.

झेंकर स्वतः नीलगिरीत आलेला नव्हता. बर्नहार्ड श्मिड नावाच्या पाद्र्याने तिथे गोळा केलेल्या वनस्पतींवरून जर्मनीत बसून त्याने १८३०च्या दशकात आपले पुस्तक काढले. तेव्हा ‘नीलगिरिकम’चा अर्थ लावायचा तर श्मिडच्या त्या साहित्याकडे आणि झेंकरच्या वर्णनाकडे जावे लागते, आजच्या उटीतल्या बागेतल्या झाडाकडे नाही. बागेत लावलेली ऱ्होडोडेंड्रॉन अनेकदा संकरित असतात, हेही लक्षात असू द्या.

बऱ्याच मोठ्या हर्बेरियमांनी टाइपच्या शीटा स्कॅन करून खुल्या केल्या आहेत. लाल किनारीच्या पाकिटातली किंवा ‘टाइप’ असा शिक्का असलेली शीट पडद्यावर मोठी करून पाहिली की दीडशे वर्षांपूर्वीच्या पानाची लवसुद्धा दिसते. लेबलवरचे हस्ताक्षर वाचायला वेळ लागतो. तो वेळ द्या.

पायरी ५: तारखा ओळीने मांडा

वनस्पतींच्या नावांचे कालमापन १ मे १७५३ पासून सुरू होते, म्हणजे लिनियसच्या ‘स्पीशीज प्लांटारम’पासून. त्यानंतर एकाच झाडाला दोन नावे पडली असतील तर आधीचे टिकते. हा अग्रक्रमाचा नियम.

धायटीवर तो सरळ दिसतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी सह्याद्रीच्या उतारांवर जिची लाल नळीदार फुले फांदीभर लागतात आणि जी आयुर्वेदात आसव-अरिष्टांच्या आंबवणीसाठी घालतात, ती धायटी. लिनियसने १७५९ मध्ये तिला ‘लायथ्रम फ्रुटिकोसम’ म्हटले. १८०६ मध्ये सॅलिसबरीने तिच्यासाठी वुडफोर्डिया हा वेगळा वंश काढला, तो पटण्यासारखाच होता, पण जातीला त्याने ‘फ्लोरिबंडा’ असे नवेच नाव दिले. पुढे कोलकात्यात काम करणाऱ्या कुर्झने १८७१ मध्ये लिनियसचे जुने विशेषण नव्या वंशात आणले: ‘वुडफोर्डिया फ्रुटिकोसा (लिनियस) कुर्झ’. वंश सॅलिसबरीचा, विशेषण लिनियसचे, जोडणी कुर्झची. ‘फ्लोरिबंडा’ सिनोनिमांच्या, म्हणजे त्याच झाडाच्या मागे पडलेल्या नावांच्या, यादीत गेले. ‘फ्रुटिकोसम’चे ‘फ्रुटिकोसा’ झाले, कारण लायथ्रम नपुंसकलिंगी आणि वुडफोर्डिया स्त्रीलिंगी. विशेषण ज्या मूळ नावातून आले त्या नावाला, इथे ‘लायथ्रम फ्रुटिकोसम’ला, अभ्यासक बेसिऑनिम म्हणतात. कंसातले आडनाव नेहमी त्याच्या धन्याचे.

आता उपजातीच्या कामात हमखास चुकणारी गोष्ट. अग्रक्रम फक्त त्या त्या दर्जापुरता चालतो. जाती म्हणून जुने असलेले नाव उपजाती म्हणून जुने असेलच असे नाही. हिमालयापासून आफ्रिकेपर्यंत पसरलेल्या रानटी ऑलिव्हचे पाहा. मिलरने १७६८ मध्ये त्याला ‘ओलिया आफ्रिकाना’ ही जाती म्हटले. ‘ओलिया कस्पिडाटा’ हे नाव त्याच्या बरेच नंतरचे. पण ऑलिव्हच्या मुख्य जातीखाली उपजाती म्हणून ‘कस्पिडाटा’ १९४२ मध्ये छापले गेले आणि ‘आफ्रिकाना’ १९७९ मध्ये. त्यामुळे दोन्ही एकच मानून उपजातीचा दर्जा दिला की नाव ‘कस्पिडाटा’ होते. जाती म्हणून पावणेदोनशे वर्षे आधी जन्मलेल्या ‘आफ्रिकाना’ला इथे मान नाही. पहिल्यांदा हे वाचले तेव्हा मला अन्याय वाटला होता. आता वाटत नाही. दर्जा बदलला की शर्यत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, आणि नियम सगळ्यांना सारखाच आहे.

आता नीलगिरीच्या झाडाचा कागद भरा. हार्डविक या लष्करी अधिकाऱ्याने १७९६ मध्ये गढवालच्या प्रवासात हिमालयी झाड पाहिले आणि स्मिथने १८०५ मध्ये ‘आर्बोरियम’ हे नाव छापले. झेंकरने १८३०च्या दशकात नीलगिरीचे झाड स्वतंत्र जाती मानले: ‘ऱ्होडोडेंड्रॉन नीलगिरिकम झेंकर’. क्लार्कने १८८२ मध्ये ब्रिटिश भारताच्या फ्लोरात, म्हणजे तिथल्या वनस्पतींच्या वर्णनग्रंथात, त्याला आर्बोरियमचा प्रकार केले. टॅगने १९३० मध्ये उपजाती केले. विशेषण तेच राहिले, खुर्ची दोनदा बदलली.

यातून एक सोयीची गोष्ट निघते. उद्या डीएनएच्या पुराव्यावरून कुणी म्हणाले की ही स्वतंत्रच जाती आहे, तर नवे नाव छापावे लागणार नाही. झेंकरचे नाव तयारच आहे, ते पुन्हा उचलायचे. म्हणजे दोन पुस्तकांत तुम्हाला ‘नीलगिरिकम’ वेगवेगळ्या दर्जावर दिसले तर कुणीतरी चुकले आहे असे नसते. दोघांची मते वेगळी आहेत आणि दोघांनी आपापल्या मतानुसार नियम बरोबर पाळला आहे.

टॅगच्या उपजातींबरोबर आणखी एक नाव येते: ‘आर्बोरियम सबस्पीशीज आर्बोरियम’. जातीच्या खाली उपजाती पाडली की ज्या भागात जातीचा टाइप बसतो त्याला जातीचेच विशेषण पुन्हा आपोआप लागते. याला ऑटोनिम म्हणतात. त्याच्यापुढे लेखकाचे नाव लिहीत नाहीत. ही उपजाती मूळ, अस्सल किंवा पूर्वज आहे, असा अर्थ त्यातून काढू नये. टाइप त्या घरात पडला, इतकेच.

पायरी ६: बदल नेमका कशामुळे झाला ते ठरवा

इथे सर्वांत जास्त वेळ घालवावा, कारण इथेच शिकायला मिळते. कारवीकडे परत येऊ.

नीसने १८३२ मध्ये कारवीचे वर्णन स्ट्रोबिलँथस या वंशात केले. हा वंश अवाढव्य. १९४४ मध्ये ब्रेमेकॅम्प या डच अभ्यासकाने परागकणांची ठेवण आणि इतर लक्षणे पाहून त्याचे कितीतरी छोटे वंश पाडले. कारवीला ‘कार्व्हिया’ हा स्वतःचा वंश मिळाला. आपल्या सह्याद्रीतल्या शब्दाचा आवाज त्यात स्वच्छ ऐकू येतो, म्हणून मला ते नाव आजही आवडते. आवड आणि पुरावा मात्र वेगळे. २००० नंतर बाह्य लक्षणे आणि डीएनए एकत्र तपासल्यावर ब्रेमेकॅम्पचे बरेच वंश नैसर्गिक गट ठरेनात, आणि सगळ्यांना पुन्हा एका मोठ्या स्ट्रोबिलँथसमध्ये घेण्याकडे कल झाला. म्हणजे शीटवरची दुसरी चिठ्ठी मत बदलल्याची, आणि तिसरी ते मत पुन्हा फिरल्याची.

मग ‘कॅलोसस’चे ‘कॅलोसा’ कशाने झाले? हे नियमाचे काम. रोमन लिपीत ‘-anthes’ने संपणारी वंशनामे स्त्रीलिंगी धरावीत असे संहिता सांगते, म्हणून विशेषणही स्त्रीलिंगी. वर्गीकरणाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. एका चिठ्ठीत असे दोन्ही बदल एकदम आले की नवखा माणूस गोंधळतो, म्हणून ते सुटे करून पाहायची सवय लावा.

तिसऱ्या तऱ्हेचा बदल बाभळीत झाला. ‘अकेशिया’ या वंशाचे पाच-सहा तुकडे करावे लागतील हे अभ्यासकांना कळून चुकले. अग्रक्रमाप्रमाणे पाहिले तर नाव आपल्या बाभळीकडे राहायला हवे होते, कारण बाभूळच त्या वंशाचा टाइप होती. पण तसे केले असते तर ऑस्ट्रेलियातल्या सुमारे हजार जातींची नावे बदलावी लागली असती. २००५ च्या व्हिएन्ना परिषदेत टाइप बदलून ‘अकेशिया’ हे नाव ऑस्ट्रेलियातल्या गटासाठी राखून ठेवायचे ठरले. त्यावरून मोठा वाद झाला आणि २०११ मध्ये मेलबर्नला तो निर्णय कायम राहिला. बाभूळ ‘व्हॅशेलिया निलोटिका’ झाली, खैर ‘सेनेगालिया कॅटेचू’ झाला. तुकडे करणे हे मत होते. नाव कुणाकडे जायचे हा मतदानाने केलेला अपवाद. आफ्रिकेतल्या आणि आपल्या अनेक अभ्यासकांना तो टोचला, आणि मला वाटते त्यांचे दुःख खोटे नव्हते.

माद्रिदला २०२४ मध्ये आणखी एक पाऊल पडले. आफ्रिकेत कृष्णवर्णीयांना हिणवण्यासाठी वापरलेल्या शब्दावरून आलेली ‘कॅफ्रा’सारखी दोनशेहून अधिक विशेषणे ‘आफ्रा’सारख्या रूपांत बदलायचे मतदानाने ठरले.

याखेरीज काही नावे साध्या चुकीने बदलतात. वर्षानुवर्षे एका झाडाला भलतेच नाव लावले जात असते आणि टाइप पाहिल्यावर कळते की ते नाव दुसऱ्याच झाडाचे आहे. किंवा तेच नाव आधी दुसऱ्या झाडासाठी वापरलेले निघते. अशा वेळी वाद कमी असतो.

पायरी ७: नवे नाव कसे जन्माला येते

समजा तुमच्या अभ्यासातून असे दिसले की एखादा प्रकार खरे तर उपजाती आहे. फेसबुकवर किंवा व्हॉट्सॲपच्या गटात तसे लिहून भागत नाही. नाव रीतसर प्रकाशित व्हावे लागते: छापील स्वरूपात, किंवा १ जानेवारी २०१२ पासून आयएसएसएन किंवा आयएसबीएन क्रमांक असलेल्या पीडीएफमध्ये. बेसिऑनिमचा पूर्ण संदर्भ द्यावा लागतो: लेखक, ग्रंथ, पान आणि वर्ष. यातले पान द्यायचे राहून गेलेले लेख मी पाहिले आहेत. वर्षभराचे काम त्या एका आकड्यापायी लटकते. नावापुढे ‘स्टॅटस नोव्हस’ लिहितात, म्हणजे दर्जा नवा. वंश किंवा जाती बदलली असेल तर ‘काँबिनेशिओ नोव्हा’, म्हणजे जोडणी नवी.

उपजाती अगदीच नवी असेल तर वर्णन, टाइप आणि तो कुठल्या हर्बेरियममध्ये ठेवला हे सगळे लागते. १९३५ पासून २०११ अखेरपर्यंत वर्णन लॅटिनमध्येच हवे होते, आता लॅटिन किंवा इंग्रजी चालते. नमुना तोडण्याआधी वनखात्याची परवानगी घ्या. संरक्षित क्षेत्रात तर एक पानही तिच्याशिवाय तोडू नये.

पायरी ८: कुठे तपासायचे

‘आयपीएनआय’ (इंटरनॅशनल प्लांट नेम्स इंडेक्स) या सूचीत नाव कुणी, कुठे, कधी छापले ते मिळते. ते बरोबर की चूक, स्वीकारलेले की नाही, हे ती सांगत नाही आणि सांगायचा दावाही करत नाही. नवखे लोक तिथे नाव सापडले की ते मान्य समजतात, तसे करू नका. लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या ‘प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’वर स्वीकारलेले नाव आणि सिनोनिम मिळतात, पण ते त्यांच्या संपादकांचे मत आहे. ‘बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी’त जुने ग्रंथ पानासकट स्कॅन केलेले आहेत; झेंकर, नीस, क्लार्क तिथे स्वतः वाचता येतात. महाराष्ट्रातल्या झाडांसाठी कुकचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा, १९०१ ते १९०८ मध्ये निघालेला, आजही हाताशी लागतो. नावे जुनी आहेत, पण वर्णने भरवशाची. आणि जमेल तेव्हा प्रत्यक्ष हर्बेरियममध्ये जा. पुण्यात भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचे पश्चिम विभागाचे हर्बेरियम आहे, मुंबईत सेंट झेवियर्समध्ये ब्लॅटर हर्बेरियम आहे. आधी पत्र पाठवून वेळ घ्या.

पायरी ९: स्वतःची नोंद कशी ठेवाल

वहीत नाव लिहिताना शेजारी लिहा: कुठल्या ग्रंथाप्रमाणे किंवा कुठल्या सूचीप्रमाणे, आणि कोणत्या दिवशी पाहिले. उपजातीबद्दल खात्री नसेल तर जातीपर्यंतच लिहा. ‘आर्बोरियम’ एवढेच लिहिणे चूक नाही, अंदाजाने ‘नीलगिरिकम’ लिहिणे चूक आहे. फक्त जागा पाहून उपजाती ठरवू नका, नाहीतर लागवडीचे झाड रानातले म्हणून नोंदले जाईल. वाळल्यावर रंग आणि वास जातात, म्हणून ते तिथेच लिहून घ्या. उंची, जीपीएस, जमिनीचा उतार, शेजारची झाडे, आणि या वंशात तरी पानाखालची लव.

नंतर नाव बदलायची वेळ आली तर जुने खोडू नका. छोटी चिठ्ठी घ्या. तिच्यावर नवे नाव लेखकांसह, तुमचे नाव आणि तारीख लिहा, आणि कशावरून ठरवले ते एका ओळीत. डिंकाचे एक बोट वरच्या कडेला लावून चिठ्ठी अशी चिकटवा की खालचे जुने लेबल पूर्ण वाचता येईल. कारवीच्या त्या शीटवर चौथ्या चिठ्ठीपुरती जागा अजून मोकळी आहे.